बारा तास खुर्चीत, साडेचार तास कामात: फ्रीलान्सरने वेळेचा हिशेब कसा लावावा

फ्रीलान्स भाषांतर आणि संपादन करू लागले तेव्हा पहिली दोन-अडीच वर्षं मी सकाळी नऊला लॅपटॉप उघडायचे आणि रात्री नऊ-साडेनऊला मिटायचे. "दिवसाला बारा तास काम करते," हे जरा कौतुकानेच सांगायचे. मग एकदा एका महिन्याची सगळी इन्व्हॉइस समोर घेऊन बसले आणि मिळालेल्या रकमेला त्या तासांनी भागलं. आकडा बघून आधी वाटलं, भागाकार चुकला असेल. नव्हता चुकला.

क्लायंट पैसे देतो ते फाइलचे. ती चार तासांत झाली की अकरा तासांत, याच्याशी त्याला काही घेणं-देणं नसतं. तरीही जास्त वेळ बसलो की आपल्यालाच आपण प्रामाणिक वाटतो. घाण्याच्या बैलालाही दिवसभर चालल्यासारखं वाटतच असणार. ही सवय मोडताना मला जे उपयोगी पडलं ते इथे पायरीपायरीने लिहिते. पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नका. बहुतेक जण टायमर आणि ॲपपासून सुरुवात करतात. माझ्या यादीत ती पायरी बरीच खाली आहे.

पायरी १: दोन आठवडे काहीही न सुधारता नुसतं लिहा

एक साधी वही घ्या. हातातलं काम बदललं की वेळ आणि कामाचं नाव लिहा. पुढे तीनपैकी एक खूण करा. 'प' म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते काम. 'ल' म्हणजे करावं लागतं पण बिलात लागत नाही असं: ईमेल, कोटेशन, फायली शोधणं, थकलेल्या पैशांसाठी फोन. 'फु' म्हणजे फुकट गेलेला वेळ. माझ्या वहीतल्या एका मंगळवारची सुरुवात अशी आहे:

९:१० बसले. ९:१५ अहवालाचं भाषांतर (प). ९:३५ एका क्लायंटचा मेसेज, "मागच्या महिन्यातली ती फाइल पुन्हा पाठवता का?", शोधली, पाठवली (ल). ९:५० फोन हातात होताच, बातम्या (फु). १०:२० पुन्हा अहवाल, कुठवर आले होते ते शोधण्यात पाच मिनिटं (प). १०:४५ कॉल, ठरला होता पंधरा मिनिटांचा, संपला ११:३० ला (ल).

रात्री ९:२० ला लॅपटॉप मिटला. एकूण बारा तास दहा मिनिटं. 'प'ची बेरीज ४ तास ३५ मिनिटं.

मला वाटलं होतं, सगळा दोष त्या 'फु'चा निघेल. फोन बघणं, इकडेतिकडे फिरणं, म्हणजे स्वतःला चार शब्द सुनावले की झालं. पण 'फु' दीड-दोन तासांच्या वर गेलाच नव्हता. 'ल' जवळजवळ चार तास होता. पाणी मुरत होतं ते तिथे, आणि शिस्तीच्या नावाने कितीही उसासे टाकले तरी ते थांबलं नसतं, कारण त्या वेळेत मी प्रामाणिकपणे राबतच होते.

या दोन आठवड्यांत सुधारायचा मोह आवरा. सुधारलेला दिवस लिहिलात तर रोजचा दिवस कळणार नाही. आणि रात्री आठवून लिहू नका. आठवणीतले तास नेहमी 'प'च्या बाजूने झुकतात.

पायरी २: प्रत्येक कामाचा खरा ताशी दर काढा

वहीतल्या नोंदी आता कामागणिक लावा. समजा 'क' या कामाचे १२,००० मिळाले, चलन कोणतंही असो. कोटेशन देताना तुम्ही २० तास धरले होते, म्हणजे तासाला ६००. वही मात्र सांगते: २० तास मूळ काम, ५ तास न ठरलेल्या दुरुस्त्या, ३ तास कॉल, २ तास साहित्य मागून मागून मिळवण्यात. एकूण ३० तास, तासाला ४००. त्याच आठवड्यात 'ख' हे ६,००० चं छोटं काम होतं. ब्रीफ, म्हणजे काय हवंय त्याच्या सूचना, नीट, एकच दुरुस्ती, सगळं मिळून १० तास. तासाला ६००.

मनात आपण 'क'ला मोठा क्लायंट म्हणत असतो. त्याचा फोन पहिल्या रिंगला उचलतो, 'ख'ला "उद्या बघते" म्हणतो. हा हिशेब पाच-सहा कामांचा मांडा. कुणासाठी रात्री जागायचं आणि कुणासाठी नाही, ते कागदच सांगेल.

पायरी ३: काम हातात घेतानाच वेळ वाचवा

सगळ्यात जास्त तास वाचतात ते काम सुरू होण्याच्या आधी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

एका संस्थेच्या माहितीपत्रकाचं काम माझ्याकडे होतं. ज्यांनी ते दिलं त्यांना मसुदा आवडला. त्यांनी तो सहकाऱ्याला दाखवला, त्याने भाषा सोपी करायला सांगितली. केली. मग मसुदा वरिष्ठांकडे गेला. त्यांना भाषा फार घरगुती वाटली, म्हणून ती पुन्हा भारदस्त केली. शेवटच्या फाइलचं नाव 'माहितीपत्रक_अंतिम_नवीन_अंतिम_७' असं होतं आणि तिच्यातला मजकूर दुसऱ्या फाइलपेक्षा फार वेगळा नव्हता. चूक कुणाची, तर बरीचशी माझी. 'हो' कोण म्हणणार, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून काम घेण्याआधी हे पाच प्रश्न लेखी विचारते. फोनवर बोलणं झालं असलं तरी उत्तरं ईमेलवर मागते.

१. अंतिम मंजुरी कोणाची? एकच नाव हवं.
२. तुम्हाला आवडलेला एक नमुना आणि न आवडलेला एक नमुना पाठवा. न आवडलेला जास्त कामाला येतो.
३. लागणारं साहित्य कोणत्या तारखेला पूर्ण मिळेल?
४. मसुदा मिळाल्यावर तुमचा फीडबॅक किती दिवसांत येईल?
५. तुमच्यासाठी कोणती तारीख खरंच अटळ आहे, आणि का?

पाचव्या प्रश्नाने मला अनेकदा चकित केलंय. "शुक्रवारी हवंच" म्हणणाऱ्या माणसाला कारण विचारलं की निम्म्या वेळा उत्तर येतं, "तसं सोमवारी चालेल, शनिवार-रविवार कोण बघणार आहे!" आणि आपण त्या शुक्रवारसाठी दोन रात्री जाळणार होतो.

दुरुस्त्यांच्या फेऱ्या कोटेशनमध्येच लिहून टाका. माझं वाक्य असं असतं: "या रकमेत दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या सूचना एकत्र करून एकाच फाइलमध्ये पाठवाव्यात. त्यापुढील फेरीसाठी वेगळं शुल्क राहील." जोर 'एकाच फाइलमध्ये' यावर आहे. सकाळी एक सूचना, दुपारी दोन, रात्री "अजून एक राहिलंच" असं आलं की प्रत्येक वेळी फाइल उघडून मन त्या कामात शिरवावं लागतं.

मध्येच काम वाढलं तर? "एवढंच जरा करून द्या ना" याला नाही म्हणणं अवघड असतं. मला तरी अजून जड जातं. म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवलंय: "नक्की करू शकेन. हे मूळ कामात धरलेलं नव्हतं, त्यामुळे अंदाजे तीन तास वाढतील आणि त्याची रक्कम अमुक होईल. मूळ काम आधी संपवून हे बुधवारी देऊ, की हे आधी हवंय?" यात नकार कुठेच नाही. निर्णय त्यांच्याकडे जातो आणि 'एवढंच'ची किंमत त्यांना दिसते. बरेच जण त्यावर "राहू द्या मग" म्हणतात. जे पैसे देऊन करून घेतात, त्यांना त्याची खरंच गरज असते.

पायरी ४: अंदाज मनाला विचारू नका, वहीला विचारा

आपण वेळेचा अंदाज कमी का बांधतो, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल, ते विचारलं. सरासरी अंदाज होता ३३.९ दिवसांचा, लागले ५५.५ दिवस. याहून मजेशीर भाग असा की "सगळं वाईटात वाईट झालं तर?" असंही विचारलं होतं. त्याचं सरासरी उत्तर ४८.६ दिवस. म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही वस्तुस्थितीपेक्षा आशावादी निघाली.

तेव्हा "थोडा वेळ जास्त धरते" एवढ्याने भागत नाही. वहीतली मागची पाच सारखी कामं काढा. प्रत्येकाला लागलेल्या तासांना अंदाजाच्या तासांनी भागा. उत्तरं १.३, १.५, १.४, १.८, १.५ अशी आली, तर सरासरी १.५ होते. पुढच्या कामाचा मनातला अंदाज दहा तास असेल, तर कोटेशन पंधरा तासांचं द्या. हा गुणक ज्याचा त्याचा वेगळा, आणि कामाच्या प्रकारानुसारही बदलतो. माझा संपादनाचा १.२ आहे. तांत्रिक भाषांतराचा आकडा सांगायची लाज वाटते.

याची दुसरी बाजूही आहे. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम पसरतं, हे ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये गमतीच्या सुरात मांडलं होतं आणि फ्रीलान्सर त्याचा चालता-बोलता पुरावा असतो. म्हणून क्लायंटला सांगायची तारीख पंधरा तासांच्या हिशेबाने, पण वहीत स्वतःसाठी लिहायची तारीख त्याच्या दोन दिवस आधीची. मधले दोन दिवस आजारपण, वीज, इंटरनेट आणि आपला आळस यांच्या नावे.

पायरी ५: दिवसाचं कापड नीट फाडा

वहीत बघा, कोणत्या वेळी केलेल्या कामात नंतर कमी चुका सापडल्या. माझ्या बाबतीत ते सकाळचे पहिले तीन तास आहेत. माझ्या ओळखीतली एक चित्रकार रात्री दहानंतरच जागी होते. पहाटे उठणाऱ्यांचा उपदेश वाचून स्वतःला छळू नका. वेळ कोणतीही असो, ती अवघड कामाला द्यायची. निदान दीड-दोन तास सलग, एकाच फाइलला.

सलग का? एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की आधीच्या कामाचा काही भाग डोक्यात रेंगाळत राहतो. सोफी लरॉय या संशोधकांनी २००९ मध्ये यावर प्रयोग करून दाखवलं की पहिलं काम अर्धवट सोडून आलेल्यांची दुसऱ्या कामातली कामगिरी घसरते. त्यावरून मी एक सवय लावून घेतली. उठावंच लागलं तर फाइलमध्ये एक ओळ टाकते: "पान १४, तिसरा परिच्छेद, 'दायित्व' की 'जबाबदारी' ते ठरवायचं." परत आल्यावर कुठवर आलो होतो, ते शोधण्यातली पाच-दहा मिनिटं वाचतात आणि जाताना डोकंही मोकळं होतं.

मेसेज आणि ईमेल दिवसातून तीनदा: पहिला सलग तुकडा संपल्यावर, दुपारी, आणि लॅपटॉप मिटायच्या अर्धा तास आधी. ही वेळ क्लायंटला सुरुवातीलाच सांगा. "मी अकरा, तीन आणि सहा वाजता मेसेज बघते, खरंच तातडीचं असेल तर फोन करा." फोन किती येतील या धास्तीने मी हे वर्षभर टाळलं होतं. प्रत्यक्षात महिन्याला एखाद-दुसरा येतो. क्लायंटला दोन मिनिटांत उत्तर नको असतं, उत्तर कधी येईल ते माहीत हवं असतं. म्हणूनच मोठं काम चालू असताना आठवड्यातून दोनदा, न विचारता, दोन ओळींचा मेसेज टाका: काय झालं, काय उरलं, तुमच्याकडून काय हवं. "कुठवर आलं?" हा फोन त्याने जवळपास बंद होतो.

पंचवीस मिनिटांच्या टायमरबद्दल विचारणारे भेटतातच. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली ही पोमोडोरो पद्धत: पंचवीस मिनिटं काम, मग छोटी विश्रांती. मनापासूनच्या कामाला मला ती खुपते. वाक्य जुळत असताना घंटा वाजते. पण टाळत आलेल्या कामासाठी, म्हणजे हिशेब किंवा थकबाकीची पत्रं, झकास. पंचवीस मिनिटं कुणीही सोसतं.

पायरी ६: छोटी हत्यारं

इथे फार वेळ घालवू नका. नमनालाच घडाभर तेल जातं. चार गोष्टी पुरतात.

वारंवार लागणारी पत्रं एका फाइलमध्ये ठेवा: कोटेशन, पाच प्रश्न, वाढीव कामाचं उत्तर, पैशांची आठवण. प्रत्येक कामाचा फोल्डर एकाच साच्याचा ठेवा: आलेलं, चालू, दिलेलं, हिशेब. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी टाका, २०२५-०३-१४ सारखी, म्हणजे नावाप्रमाणे लावल्या की फायली आपोआप तारखेनुसार लागतात. आणि काम पाठवण्याआधीची दहा-बारा मुद्द्यांची चेकलिस्ट. माझ्या यादीतला प्रत्येक मुद्दा पूर्वी कधीतरी चुकलेला आहे.

यंत्राकडून पहिला मसुदा करून घेत असाल तर तो तपासायचा वेळही वहीत वेगळा लिहा. काही प्रकारच्या मजकुराला निम्मा वेळ वाचतो. काहींना दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या पानावरून लिहिणं लवकर होतं. कोणत्या मजकुराला काय लागू, हे जाहिरातीत कळत नाही, नोंदीत कळतं.

पायरी ७: वेगाची शिक्षा स्वतःला देऊ नका

इथपर्यंत सगळं जमलं आणि तुम्ही तासावर पैसे घेत असाल, तर घोडं इथे पेंड खातं. दहा तासांचं काम सहा तासांत होऊ लागलं की तुमची कमाई चाळीस टक्क्यांनी घटली. शहाणपणाचा दंड! म्हणून स्वरूप स्पष्ट असलेल्या कामाला एकरकमी दर लावा: शब्दांवर, पानांवर किंवा पूर्ण कामावर. वहीतल्या तासांवरून तो ठरवा, पण तास क्लायंटला सांगू नका.

अपवाद आहेत. काय हवंय ते क्लायंटलाच ठाऊक नसेल, बैठका भरपूर असतील, साहित्य रोज बदलत असेल, तर तासाचाच दर घ्या आणि दर आठवड्याला तासांचा तक्ता पाठवा. धुकं आहे तिथे एकरकमी बोली लावणारा नेहमी बुडतो.

नवीन क्लायंटकडून काही भाग ॲडव्हान्स घ्या. पैसे सुरक्षित राहतात हा एक फायदा. ॲडव्हान्स देणारा माणूस साहित्यही वेळेवर देतो, हा माझ्या लेखी मोठा फायदा. आणि काम पाठवाल त्याच दिवशी इन्व्हॉइसही पाठवा, पैसे देय होण्याची तारीख लगेच कॅलेंडरवर टाका.

पायरी ८: तासांवर झाकण ठेवा

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदी जॉन पेन्कावेल या अर्थतज्ज्ञांनी अलीकडे, २०१४ मध्ये, पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं. त्यापुढे वाढ मंदावत गेली, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. चौदा तास जवळजवळ पाण्यात. हे मोजता येण्यासारखं, हातांचं काम होतं. भाषांतराच्या चौदाव्या तासाला तर आपण उद्या निस्तरायच्या चुका आजच पेरून ठेवतो.

तब्येतीचा हिशेब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला.

झाकण ठेवायची रीत अशी. आठवड्याचे एकूण तास ठरवा, समजा ४५. 'ल' कितीही कापला तरी संपत नाही, म्हणून विकता येण्याजोगे तास साठ टक्के धरा: २७. त्यातला पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. उरले साधारण २२. नवीन काम आलं की या २२ मध्ये जागा आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर पुढची मोकळी तारीख सांगायची. सुरुवातीला २२ हा आकडा फार छोटा वाटतो. पण पायरी १ मधल्या माझ्या त्या मंगळवारासारखे पाच दिवस मोजलेत, तरी बेरीज २३ च्या आतच येते. आणि त्यासाठी मी साठ तास खुर्चीत होते.

कधीतरी एखादा आठवडा साठ तासांचा होतोच. होऊ द्या, पण वहीत त्यावर गोल करा आणि कारण लिहा. महिन्यात दोन गोल झाले, तर दर कमी आहे किंवा नकार देणं जमत नाहीये.

पायरी ९: आठवड्याअखेरची वीस मिनिटं

शुक्रवारी संध्याकाळी वही उघडून तीन प्रश्न. या आठवड्यात 'प' किती झाला? 'ल'मधली कोणती गोष्ट तीनदा करावी लागली? तिला पत्राचा साचा, चेकलिस्ट किंवा कोटेशनमधलं एखादं वाक्य लावता येईल का? एका आठवड्यात एकच दुरुस्ती. पाच एकदम करायला गेलात तर सोमवारी दुपारपर्यंतच टिकतात.

तीन महिन्यांनी पायरी २ चा तक्ता पुन्हा मांडा. सगळ्यात तळाशी असलेल्या क्लायंटला पुढच्या कामाच्या वेळी नवा दर कळवा: "पुढील महिन्यापासून माझा दर अमुक असेल. सध्या चालू असलेलं काम जुन्याच दराने पूर्ण करेन." स्पष्टीकरण, माफी काही जोडायचं नाही. मी हे पत्र पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. तो क्लायंट गेला. त्याच्या जागी लगेच कुणी आलं नाही. पहिले तीन आठवडे वहीत संध्याकाळ कोरी होती, आणि ती कशाने भरायची ते मला खरंच सुचत नव्हतं.